बेथानी टोल्याचं पहिलं गीत

दार शोधू नका, ह्या मंदिराला दार नाही. सागवानी चौकट आहे, तिच्या उजव्या अंगाला एकाखाली एक असे दोन कोयंडे आहेत, पण त्यांत अडकवायला कडी नाही आणि कडी ठोकायला दार नाही. पावसाळ्यात पाणी पार वेदीपर्यंत जातं. उन्हाळ्यात शेळ्या सावलीला बाकांखाली येऊन बसतात. एकदा तर भर उपदेशात अस्वलाचं पिल्लू आत शिरलं होतं. त्या दिवशी पाळकांनी उपदेश लवकर आवरला, त्याबद्दल मंडळीने देवाचे आभार मानले. शटर बसवून देतो म्हणून चर्चच्या वरच्या कचेरीतून दोनदा पत्रं आली. आम्ही नको म्हणून कळवलं.

दुसरी गोष्ट तुम्हाला थोड्या वेळाने दिसेल, म्हणून आधीच सांगून ठेवते. उपासनेचं पहिलं गीत सुरू झालं की इथली सगळी मंडळी वेदीकडे पाठ करून उभी राहते. तोंड दाराकडे. नवीन पाळक येतात ते पहिल्या रविवारी घाबरतात, त्यांना वाटतं लोक रुसून निघाले. तुम्ही आमच्यासारखेच वळा. का वळायचं ते घंटा होईपर्यंत सांगते. मी सुवार्ता दुपारे, ह्या टोल्याची, म्हणजे ह्या वाडीची, सून. चाळीस वर्षं इथली झाडलोट माझ्याकडे आहे. मी ऐकलं ते माझ्या सासूकडून, आणि तिने तिच्या सासूकडून.

असं सांगतात की हे चर्च बांधलं ते थंड मुलखातून आलेल्या एका लुथरन मिशनरी साहेबाने. छपराचा उतार पाहा केवढा आहे. साहेबाच्या गावी बर्फ पडायचं, ते घसरून जावं म्हणून तिकडे असं बांधतात म्हणे. इथे बर्फ कुठलं, पण साहेबाला दुसरं छप्पर ठाऊक नव्हतं. त्याने काळ्या दगडाच्या भिंती उचलल्या, खिडक्या उंचावर आणि अरुंद ठेवल्या, त्यांना लोखंडी गज लावले, आणि चार बोटं जाडीचं सागवानी दार केलं. आपल्या देशातून पायपेटी आणली. पायाने भाता दाबायचा आणि हाताने सूर धरायचे, अशी ती पेटी. उपासनेचं पुस्तक मराठीत उतरवलं. कोणत्या वाक्याला उभं राहायचं, कोणत्या वाक्याला गुडघे टेकायचे, पाळक काय गाणार आणि मंडळी उलट काय गाणार, ते सगळं त्यात होतं. मग साहेब तापाने गेला. तिकडे चिंचेखाली त्याची कबर आहे.

त्याच्यामागे मंडळी सांभाळली ती उपदेशक यशया दुपारे यांनी. साहेबानेच त्यांना पेटी शिकवली होती आणि गावात ती दुसऱ्या कोणाला येत नव्हती. यशयांचं म्हणणं एकच, साहेबाने घालून दिलं त्यात काडीचाही बदल नको. गीत पानावर आहे त्याच चालीत, त्याच संथपणे. त्यांची धाकटी बहीण तबिता हिचं म्हणणं वेगळं. ती विधवा होऊन माहेरी आली होती, आवाज असा की शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधाला पोचावा. ती म्हणायची, देव काय फक्त साहेबाच्याच चालीत ऐकतो? तिने येशूची गाणी ओवीच्या चालीत बांधली, बायका जमवल्या, लाजर नावाच्या म्हाताऱ्याला ढोलकीवर बसवलं. अर्धं गाव भावाचं झालं आणि अर्धं बहिणीचं.

आधी बाकांवरून झालं, की बसायचं बाकावर का जमिनीवर. मग घंटेसाठी मनोरा बांधायचा की नाही, त्यावरून. शेवटी उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी तबिता ढोलकी घेऊन सरळ मंदिरात आली, आणि यशयांनी उपासना मध्येच थांबवली. लोकांना बाहेर काढून दाराला कुलूप घातलं. पवित्र शास्त्रावर हात ठेवून ते म्हणाले, "ढोलकी आत येनार नाही असं तबिता कबूल करत नाही, तोवर हे कुलूप मी काढनार नाही."

दुसऱ्या दिवशी तबिताने लोहाराकडून खाली आणखी एक कडी-कोयंडा ठोकून घेतला आणि आपलं कुलूप लावलं. तिनेही शास्त्रावर हात ठेवला. "दादा आधी काढंल, मंग मी काढीन."

वरचा कोयंडा साहेबाचा आणि खालचा तबिताचा. पाच आठवडे देवाचं घर दोन कुलपांत राहिलं. एक किल्ली यशयांच्या सदऱ्याच्या खिशात, दुसरी तबिताच्या कमरेला. एक मंडळी यशयांच्या ओसरीवर प्रार्थना करायची, दुसरी मोहाच्या झाडाखाली. दोन्हीकडे प्रीतीवरचाच अध्याय वाचला जायचा, असं माझी सासू सांगायची. ती हसायची नाही सांगताना.

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, उजाडला. ते मोहफुलांचे दिवस होते. फुलं पहाटे गळतात, म्हणून तबिता आणि आणखी सात बायका अंधार असतानाच टोपल्या घेऊन जंगलात गेल्या. दुपारच्या उपासनेपर्यंत परत यायचं होतं. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तुम्हाला माहीत असेल. त्या दिवशी कोणी तरी तो जाळला आणि वारा सुटला. कोणी जाळला ते कधीच कळलं नाही.

ऊन चढायच्या आत टोल्यावर धूर आला. मग आवाज आला, बांबू फुटतात त्याचा. तेव्हा इथली घरं कुडाची होती, वर गवत. गावात दगडाचं असं हे एकच घर, आणि ते उभं आहे ह्या उघड्या खडकावर, जिथे जळायला गवताची काडी नाही. सगळं गाव पोरं काखेत मारून इकडे धावलं आणि दारासमोर येऊन थांबलं.

लोक यशयांकडे बघू लागले. त्यांनी किल्ली काढली होती, पण ती हातात धरून ते नुसते उभे राहिले. त्यांची बायको रिबका म्हणाली, "काढा न कुलूप."

"शपथ घेतली हाये मी," यशया म्हणाले. "आन् माह्यं काढून उपयोग काय? खालचं तिचंच हाये."

"जीव चालला लेकराईचा, अन् तुमी शपथेचं सांगून राह्यले?"

त्यांनी कुलूप काढलं. पण त्याआधी ते किती वेळ उभे होते, ह्याबद्दल वेगवेगळं सांगतात. कोणी म्हणतं चार श्वास, कोणी म्हणतं प्रभूची प्रार्थना पूर्ण होईल एवढा वेळ. यशयांना स्वतःला नक्की माहीत होतं, पण त्यांनी ते कधी सांगितलं नाही.

खालच्या कुलपाची किल्ली जंगलात होती. लोकांनी दगड मारले, कुऱ्हाड मारली. कुलूप तुटेना आणि कोयंडा हलेना, लोहाराने काम चोख केलं होतं. अंगावर ठिणग्या पडू लागल्या, पोरं खोकून खोकून निळी पडू लागली, तेव्हा गड्यांनी बिजागऱ्यांच्या बाजूला पहारी घातल्या आणि ते दार साहेबाच्या भिंतीतून उपटून काढलं. लोक आत गेले. धूरही मागोमाग आत गेला.

आता एकच करण्यासारखं होतं. पडलेलं दार उचलून चौकटीत टेकवायचं, त्याला बाकं लावायची आणि फटींत ओली लुगडी कोंबायची. चौघांनी दार उचललंही. यशया चौकटीत आडवे उभे राहिले.

"माही बहीन बाहेर हाये," ते म्हणाले. "आठ बाया बाहेर हायेत."

बाहेर हाताभरावरचं दिसत नव्हतं. हाका मारल्या तर जाळाचा आवाज त्या गिळून टाकत होता. तेव्हा यशयांनी काय केलं, तर ते म्हाताऱ्या लाजरकडे वळले. लाजरने घरातून काही म्हणजे काही आणलं नव्हतं, फक्त ढोलकी पोटाशी धरून आणली होती. यशया म्हणाले, "वाजव. तिचं गानं वाजव. सगळे दाराकडं तोंड करा आन् म्हना, घसा फुटेस्तोवर म्हना." आणि ते स्वतः आत, वेदीजवळ जाऊन पायपेटीवर बसले. पेटी भिंतीला लावलेली होती, त्यामुळे सगळ्या मंडळीत दाराकडे पाठ होती ती एकट्या यशयांची.

तबिताचं ते गाणं पेटीवर बसत नव्हतं. सूर एकीकडे आणि ढोलकी दुसरीकडे अशी गत होती. पण मंडळी गात राहिली.

पहिली बाई आली ती दगडांवर रांगत. तिच्या पदराचं टोक दुसरीच्या मुठीत होतं, दुसरीचं तिसरीच्या. सगळ्यांची तोंडं पदरात गुंडाळलेली, अंगावर काजळी. मग साखळी तुटली, थोडा वेळ कोणीच आलं नाही, मग आणखी आल्या. रिबका चौकटीत उभी राहून एकेकीला हाताने आत ओढत होती आणि मोजत होती. आठवी आत आली ती उंबऱ्यातच बेशुद्ध पडली. रिबका आत वळून ओरडली, "आठ झाल्या. सगळ्या आल्या."

यशयांनी पेटीवरून हात उचलले. ढोलकी थांबली आणि गाणं थांबलं. दार उचलून चौकटीत बसवलं, बाकं लावली. यशया गुडघ्यांवर बसून रडले, मग उठून त्या आठ बायांत आपली बहीण शोधू लागले. एकेकीच्या तोंडावरचा पदर ते बाजूला करत गेले. सातवा चेहरा कोणाच्याच ओळखीचा नव्हता. ती शेजारच्या पाड्यावरची गोंड बाई होती, दुसऱ्या झाडाखाली फुलं वेचत होती, धुरात वाट चुकून ह्यांच्या साखळीला लागली होती. आठवा चेहरा तबिताचा नव्हता.

दार पुन्हा पाडलं. पुन्हा गायले. संध्याकाळपर्यंत गायले, आवाज बसले तरी गायले. कोणी आलं नाही.

ज्या वाचल्या त्यांनी नंतर सांगितलं. धुराचा पहिला वास आला तेव्हाच तबिताने कमरेची किल्ली सोडून मुठीत धरली होती. "चला गं, मंदिर उघडायचं हाये, लोक दाराशी उभे असतील," असं म्हणत तीच सगळ्यांना घेऊन निघाली. दादा आधी काढेल, ही शपथ तिने तिथेच सोडून दिली होती. वाट सुचेनाशी झाली तेव्हा थकलेल्या बायांना तिने पुढे घातलं आणि स्वतः शेवटी राहिली, म्हणजे मागे कोणी सुटायला नको. बेशुद्ध पडलेली बाई शुद्धीवर आली तेव्हा म्हणाली, माझा पदर मागून ओढलेला होता, मग तो सैल झाला.

दुसऱ्या दिवशी ती सापडली. तो पांढरा दगड दिसतो ना, तिथे. दारापासून वीस पावलांवर. तिथपर्यंत ती नीट सरळ आली होती. तिथून पुढे तिची पावलं राखेत आधी डावीकडे गेली होती, मग उजवीकडे, आणि मग पुन्हा दगडाकडे. गाणं थांबल्यावर तिला दिशा राहिली नाही. किल्ली मुठीतच होती.

रिबकाने त्यानंतर आयुष्यभर काही मोजलं नाही, असं सांगतात. भाकऱ्यासुद्धा नाही. यशयांनी पेटी उचलून दाराजवळ आणली आणि अशी वळवली, की वाजवणाऱ्याचं तोंड बाहेर राहावं. ती अजून तशीच आहे. दार पुन्हा बसवायचा विषय मंडळीच्या सभेत निघाला, पण त्याच्या बाजूने हात वर झाला नाही.

भांडण मिटलं असं मात्र समजू नका. बाया कशाच्या आवाजावर आल्या, पेटीच्या का ढोलकीच्या, ह्यावरून आमच्याकडे अजून लोक एकमेकांशी बोलायचे थांबतात. वाचलेल्या बायांना विचारलं तर एक म्हणायची पेटी, दुसरी म्हणायची ढोलकी, आणि ती गोंड बाई म्हणायची, मला तर नुसती माणसं ओरडताना ऐकू आली. पण भांडण कितीही तापलं तरी कोणी कुलपाचं नाव काढत नाही.

आजही पहिलं गीत ठरल्या कडव्यांवर संपत नाही. मंडळी दाराकडे तोंड करून गात असताना एक जण बाहेर जातो, मंदिराला फेरी घालतो, पांढऱ्या दगडापर्यंत उतरतो, खाली जंगलाच्या वाटेवर नीट बघतो. परत येऊन चौकटीत उभा राहतो आणि म्हणतो, "बाहेर कोणी नाही." मगच गाणं थांबतं. पाऊस असला, धुकं असलं, की फार वेळ लागतो, तेवढा वेळ सगळे गात राहतात. गेली चाळीस वर्षं ती फेरी मी घालते. वाट रिकामी असते, मला दिसते, तरी उंबऱ्यापाशी आले की ते वाक्य तोंडातून निघत नाही. मी परत मागे जाऊन एकदा बघून येते.