न उतरवलेला शरद

जपानी भाषेतील 'काकेजिकु' या शब्दाचा अर्थ 'भिंतीवर टांगायचे उभे चित्र' असा सांगतात. तो अपुरा आहे. 'काके' म्हणजे टांगणे. पण 'जिकु' म्हणजे चित्राच्या तळाचा दांडा, ज्यावर ऋतू सरताच ते गुंडाळून ठेवायचे. विश्रांती त्या नावातच आहे.

फार पूर्वी डोंगरातल्या एका गावी ओताने नावाच्या बाईकडे अशी दोन चित्रे होती: एक शरदातल्या लाल वनराईचे, दुसरे हिमाचे. तिच्या पतीने शरदाचे चित्र भिंतीवर लावले आणि त्याच आठवड्यात तो वारला.

बर्फ पडू लागला तेव्हा ते चित्र म्हणाले, "बाईसाहेब, आता मला उतरवा. उजेडाने माझा लाल रंग जातो आहे."

"यांनी स्वतःच्या हातांनी लावलंय तुला," ओताने म्हणाली. "मी कशी उतरवू?"

पेटीतून हिमाचे चित्र कुत्सितपणे बोलले, "बाहेर बर्फ आणि भिंतीवर पानगळ. माझी जागा सोडवत नाही वाटतं?"

प्रत्येक हिवाळ्यात शरदाच्या चित्राने तीच विनवणी केली. सातव्या वर्षी ओतानेने त्याच्याकडे निरखून पाहिले. कागद पिवळा पडला होता आणि पाने दिसतच नव्हती.

"यांनी लावलेलं चित्र हे नव्हे," असे म्हणून तिने ते चुलीत घातले. मग हिमाचे चित्र टांगून ती म्हणाली, "तुला मात्र मी कधीच उतरवणार नाही."

लोक ही कथा भिंतीचा लोभ धरणाऱ्या चित्राची म्हणून सांगतात. ते चूक आहे. त्याने सात वर्षे फक्त आपल्या दांड्यावरची विश्रांती मागितली होती.