सुळकागडाचे स्पार्टावेड

एका डोंगरी राज्यात सिदोजी नावाचा एक सेनापती होता. राज्याचे नाव सुळकागड. तेथे कातळ अधिक आणि माती थोडी. तरीही आपले नाव दिगंतात गाजावे, असे राजा रायभानाला फार वाटे.

एकदा समुद्रमार्गाने निकानोर नावाचा एक ग्रीक व्यापारी तेथे आला. रोज सायंकाळी तो दरबारात आपल्या देशातील स्पार्टा या नगराच्या गोष्टी सांगे. त्या नगराला तटबंदी नव्हती. माणसे हाच तेथील तट. तेथील मुले सातव्या वर्षी आईचे घर सोडून छावणीत जात. तेथील लोक मोजके बोलत आणि काळा, आंबट रस्सा मुकाट्याने पीत. आणि एकदा तर तेथील वीर आपल्या राजासह एका अरुंद खिंडीत उभे राहिले. समोरून एका परक्या सम्राटाच्या फौजेचा लोंढा आला. ते एकेक करून पडले. पण मागे सरले नाहीत.

“स्पार्टा केव्हाच लयाला गेले,” निकानोर म्हणे, “पण त्याचे कौतुक सरत नाही. ज्यांनी त्याला हरवले, तेही त्याचीच स्तुती करतात.”

खिंडीची गोष्ट सिदोजीने इतक्या वेळा सांगायला लावली, की व्यापाऱ्याचा घसा बसला. राजा तर पुरता वेडावला. लवकरच सैनिकांच्या अंगावर लाल झगे आले, केस खांद्यांवर रुळू लागले आणि मुदपाकखान्यातून तूप व गूळ हद्दपार झाले. राजाचा आचारी रोज काळा रस्सा रांधी आणि स्वतः मात्र घरी जाऊन जेवी. येथवर कोणाचे काही बिघडले नव्हते.

मग एके दिवशी राजाने विचारले, “निकानोर, हे वीर दिवसभर तालीम करीत. मग त्यांची शेती कोण करी?”

“हेलॉट, महाराज,” निकानोर म्हणाला. “जिंकलेल्या मुलखातले गुलाम. ते पिकवीत आणि स्पार्टन खात. त्यांनी आपली पायरी विसरू नये, म्हणून त्यांना कुत्र्याच्या कातड्याची टोपी घालावी लागे. एखाद्याची मान फार ताठ दिसली, तर तरुण वीर ती उडवूनही देत.”

आता महाराजांचे वेड ओसरेल, असे सिदोजीला वाटले. पण राजाचे डोळे चमकले.

“अस्से! म्हणजे खरी मेख येथे आहे! आपल्याकडे एवढेच राहिले होते.”

दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला. गडाखालच्या अरुंद खिंडीपलीकडे असलेल्या आंबेरे गावाची जमीन गडाची झाली. गावाने यापुढे गडासाठी राबायचे, आणि प्रत्येकाने डोक्यावर कातडी टोपी घालायची. या गावाने पिढ्यान्‌पिढ्या गडाला धान्य दिले होते, लढाईत माणसे दिली होती. त्याचा अपराध एवढाच, की राज्यातली चांगली माती त्याच्याकडे होती.

गावकऱ्यांच्या डोक्यांवर टोप्या चढवण्याचे काम सिदोजीवर सोपवले गेले. तो तडक निकानोरकडे गेला.

“टोप्यांचे तुम्ही आधी का नाही सांगितलेत?”

“कोणी विचारलेच नाही, सेनापती. जो येतो तो खिंडीचे विचारतो. नांगराचे कोणी विचारत नाही.”

“आणि आज काय आहे त्या स्पार्टात?”

“आज तेथे रोमचे धनिक सहलीला जातात. देवीच्या वेदीपुढे पोरांना फटके मारण्याची जुनी चाल आहे. ती बघायला गर्दी लोटते. आता त्या नगरावर शत्रू चालून येत नाहीत, प्रेक्षक येतात.”

खिंडीचे विचारणाऱ्यांत सर्वांत पुढे सिदोजीच होता, आणि ही गोष्ट त्याला काट्यासारखी सलली. त्याने भाला उचलला आणि एकटाच आंबेऱ्याची वाट धरली.

गावच्या शिवेवर त्याला गवराबाई भेटली. ती पाटलाची विधवा. गावाचा कारभार तिच्याच शब्दाने चाले. हुकुमाची बातमी तिच्या कानी आधीच पोहोचली होती.

“टोप्या आणल्यात का, सेनापती?”

“नाही.”

“मग काय आणलेत?”

“भाला.”

“कोणासाठी?”

“ते खिंडीत कळेल,” सिदोजी म्हणाला आणि माघारी वळून खिंडीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

सिदोजी उलटला, हे कळताच राजा स्वतः निघाला. मागे लाल झग्यांची रांग, आणि रांगेमागे टोप्यांनी भरलेला गाडा.

“सिदोजी, वाट सोडा!” राजा गरजला.

“नाही, महाराज.”

“तुम्ही माझे मीठ खाल्ले आहे!”

“मीठ आपले, महाराज. भाकरी मात्र आंबेऱ्याची.”

“एकटे आहात. माझ्यामागे शेकडो भाले आहेत.”

“खिंड अरुंद आहे.”

तेवढ्यात मागून पावले वाजली. गवराबाई कोयता घेऊन त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“अरुंद आहे खरी,” ती म्हणाली, “पण दोघांना पुरेल. जरा सरका, सेनापती. सगळी जागा तुम्हीच अडवलीत.”

तिच्या पाठोपाठ गाव आले. कोणाच्या हाती कुदळ, कोणाच्या हाती पहार, एका म्हाताऱ्याच्या हाती नुसतीच काठी. एकाचेही डोके झुकलेले नव्हते.

“महाराज,” सिदोजी म्हणाला, “मान वाकवल्याखेरीज ही टोपी चढत नाही. या गावाची मान वाकणार नाही. माझीही नाही. शूरांची गोष्ट आम्हीही ऐकली आहे.”

“पुढे व्हा!” राजाने सैनिकांना फर्मावले.

रांगेतला एक तरुण सैनिक शेजाऱ्याला हळूच म्हणाला, “दादा, त्या गोष्टीत खिंडीत वीर होते ना? मग आपल्या बाजूला कोण होते रे?”

“गप!”

“नाही, सांग ना. समोर वीर. मग या बाजूला?”

उत्तर सर्वांना तोंडपाठ होते. या बाजूला होता तो परका सम्राट, जो ताठ माना वाकवायला आला होता. तरुणाने भाल्याचे टोक जमिनीकडे वळवले. मग दादानेही वळवले. बघता बघता सगळी रांग तशीच उभी राहिली.

प्रश्न राजाच्याही कानी पडला होता. त्याने खिंडीकडे पाहिले, आपण उभे आहोत त्या जागेकडे पाहिले, आणि त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्यांदा हुकूम देण्याचे धाडस त्याला झाले नाही.

“तुमचे सेनापतिपद गेले, सिदोजी,” एवढेच तो म्हणाला.

“जाऊ द्या, महाराज.”

राजाने घोडा वळवला. टोप्यांचा गाडा जसा आला तसा परत गेला आणि आंबेऱ्याची जमीन आंबेऱ्याकडेच राहिली. सिदोजीने मात्र गेलेले पद पुन्हा कधी मागितले नाही.

“आता काय करणार?” गवराबाईने विचारले.

“नांगर धरायला शिकवाल?”

“शिकवीन की. पण एक ध्यानात ठेवा, सिदोजीराव. बैलांना हुकूम कळत नाही. त्यांना हाक मारावी लागते.”

तात्पर्य: शूरांच्या शौर्याला वंदन करावे, त्यांच्या अन्यायाला नव्हे; दुसऱ्याची मान वाकवून जो स्वतः ताठ उभा राहतो, त्याला वीर म्हणू नये, आणि त्याच्यापुढे वाकूही नये.