परतीचा डबा

एका बागेत एक रेल्वे धावत असे. बागेचा मालक वृद्ध होता आणि त्याचे सारे आयुष्य खऱ्या रेल्वेत गार्ड म्हणून गेले होते. त्या प्रदेशात कपाशीच्या शेतांमधून जाणारी एक अरुंद रुळांची गाडी होती. ती इतकी सावकाश चाले, की बोरीचे झाड दिसले म्हणजे पोरे खाली उतरत, मूठभर बोरे वेचत आणि धावत जाऊन पुन्हा चढत. पुढे ती गाडी बंद झाली. रूळ उखडले गेले. स्टेशनांच्या खोल्यांत शेळ्या बसू लागल्या.

तेव्हा या गार्डने आपल्या घरामागे, पेरूच्या आणि डाळिंबाच्या झाडांतून विहिरीला वळसा घालत छोटे रूळ टाकले. बॅटरीवर चालणारे इंजिन त्याला कोणी ओळखीच्याने करून दिले. डबे मात्र तो स्वतः करी, सागाच्या लाकडाचे, हातभर लांबीचे. ज्याला शिकायची इच्छा असेल त्याला शिकवी. इच्छा असणारे फारसे कोणी येत नसत.

एके दिवशी रेणू नावाची एक तरुणी त्याच्याकडे आली. दूरच्या देशात शिकून ती नुकतीच परतली होती. आपल्या मातीसाठी काहीतरी करायचे, हरवत चाललेले जपायचे, या ध्यासाने ती भारलेली होती.

“आजोबा, मला डबा करायला शिकवा,” ती म्हणाली.

“कोणता वं? जेवणाचा का गाडीचा?”

रेणू हसली. “गाडीचा!”

“आमच्या गाडीत ते दोन येगळे नव्हते,” म्हातारा म्हणाला आणि त्याने तिच्या हातात रंधा दिला. रेणूला तो विनोद वाटला.

तिच्या मनात एक गोष्ट होती आणि पहिल्याच दिवशी तिने ती गुरूला सांगितली. तिचे वडील याच मार्गावरच्या एका खेड्यातले. या गाडीमुळेच ते शहरातल्या वसतिगृहात राहून शिकू शकले. पुढे नोकरीसाठी लांब गेले आणि त्या दिवसांविषयी पुन्हा कधी बोलले नाहीत. आपली आजी कशी होती, हे रेणूला ठाऊक नव्हते. तिचा एक फोटोही घरात नव्हता. विचारले की वडील म्हणत, “हाल होते. त्यात सांगण्यासारखं काय आहे?” आता ते थकले होते. त्यांच्याबरोबर ते सारे बालपण न बोलताच निघून जाईल, ही भीती तिला झोपू देत नसे. त्या गाडीचा डबा डोळ्यांनी पाहिला तर बाबा बोलतील, अशी तिची श्रद्धा होती.

“येतील का ते?” गुरूने विचारले.

“दसऱ्याला बोलावलंय.”

“मंग दसऱ्याले जोडू तुझा डबा.” दसऱ्याला गावोगावी अवजारांची आणि वाहनांची पूजा होते. त्या दिवशी म्हातारा आपल्या इंजिनाला झेंडूची माळ घाली आणि नवा डबा झालाच असेल, तर तो त्याच दिवशी गाडीला जोडी.

पावसाळाभर रेणू काम करीत राहिली. जुन्या फोटोंवरून तिने मापे काढली. खिडक्यांच्या लाकडी झडपा पट्टी पट्टी करून बसवल्या. बाकडी केली, सामानाच्या फळ्या केल्या, कंदील टांगायचा आकडासुद्धा केला. म्हातारा शेजारी बसून पाहत असे. कधी म्हणे, “लाकडाचा कल पाह्य, त्याच्या उलट जाऊ नको.” आणि एक गोष्ट तो पुनःपुन्हा सांगे, “छत शेवटी बसव. अन् मले विचारून बसव.”

दसऱ्याच्या आदल्या दिवशी म्हातारा झेंडूची फुले आणायला बाजारात गेला होता. डबा पूर्ण झाला होता. आत धूळ जाऊ नये, एकही पट्टी हलू नये, या काळजीने रेणूने सरस लावून छत पक्के चिकटवून टाकले. विचारायचे राहून गेले.

सकाळी वडील आले. त्यांच्याबरोबरच गावातल्या मिठाईच्या दुकानाचे मालकही आले, कारण या डब्याची कीर्ती त्यांच्या कानावर गेली होती. शेठजींनी डबा उचलून उन्हात धरला आणि ते हरखून गेले.

“वा! पोरी, हा असा बागेत धुळीत फिरवायचा नाही. माझ्या दुकानात काचेची पेटी करतो. आत दिवा लावतो. येणारा-जाणारा पाहील तरी, आपल्या गावात काय होतं ते!”

रेणूला ते बोलणे गोड लागले. तिने वडिलांकडे पाहिले. त्यांनी डबा हातात घेतला, खिडकीतून आत डोकावले, रंगावरून अंगठा फिरवला.

“सुबक आहे,” ते म्हणाले. “फार मेहनत घेतलीस.” मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “परतीची बस किती वाजता आहे गं?”

रेणूचा चेहरा उतरला. डबा तिने गुरूच्या ओसरीवर ठेवला आणि ती तोंड फिरवून उभी राहिली.

म्हाताऱ्याने सारे ऐकले होते. त्याने डबा मांडीवर घेतला, छतावर नख आपटून पाहिले आणि शांतपणे पटाशी उचलली. रेणू वळली, तोवर पटाशीचे टोक छताखाली शिरले होते. काडकन आवाज झाला. छत सुटे झाले. मग त्याने आतली मधली बाकडी उपटून बाजूला ठेवली.

“आजोबा!” रेणू ओरडली. “काय करताय? चार महिने...” ती धावत ओसरीवर आली.

“अरे अरे अरे,” शेठजी म्हणाले, “म्हातारपणी डोकं फिरलं की काय?”

“फिरलं असंन,” म्हातारा म्हणाला आणि उठून स्वयंपाकघरात गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात पळसाच्या पानात बांधलेले काहीतरी होते. ते त्याने डब्यात बाकड्यांच्या जागी ठेवले. वरून सुटे छत टेकवले. मग खुंटीवरच्या एका गाठोड्यातून हिरव्या जुनेराची एक चिंधी फाडून काढली आणि ती छतावरून घेऊन डब्याला गाठ मारून बांधली.

“बाबासाहेब,” तो रेणूच्या वडिलांना म्हणाला, “तुम्ही तिकडं पेरूखाली जाऊन बसा. स्टेशन हाय आपलं.”

पेरूच्या झाडाखाली स्टेशनचे नाव लिहायला एक पाटी उभी केलेली होती, शाळेतल्या पोरांची असते तशी, आणि शेजारी खडू ठेवलेला होता. वडील संकोचाने तिथे जाऊन बसले. म्हाताऱ्याने डबा गाडीला जोडला, खिशातली जुनी शिट्टी काढून वाजवली. गाडी निघाली. झेंडूच्या पाकळ्या सांडत ती डाळिंबांतून गेली, विहिरीमागे दिसेनाशी झाली आणि पेरूखाली जाऊन थांबली.

वडिलांची नजर हिरव्या चिंधीवर पडली. ते पुढे वाकले, पण गाठ सोडायला त्यांचा हात लगेच पुढे होईना. शेवटी त्यांनी ती सोडली, छत उचलले आणि पान उलगडले. आत ज्वारीची अर्धी भाकर आणि जवसाची चटणी होती.

त्यांनी एक घास मोडला.

“गार्डसाहेब,” तिथूनच त्यांनी विचारले, आणि त्यांचा आवाज रेणूला अनोळखी वाटला, “तुम्हाला कसं माहीत, आमची चिंधी हिरवी होती?”

“नाव नाही माहीत मले तुमचं,” म्हातारा म्हणाला. “गावोगावच्या मायबाया गाडीत डबे द्यायच्या, शहरातल्या पोरांसाठी. त्यायले लिहिता कुठं येत होतं? मंग चिंधी बांधत. कोणाची लाल, कोणाची काठाची. पोरीनं तुमच्या गावाचं नाव सांगितलं अन् मले हिरवी चिंधी आठवली. तुमची माय गाडीसंगं धावत यायची नं? ‘तिखट कमी घातलं म्हणून सांगजा त्याले!’”

वडील हसले. हसता हसता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

“कमी कसलं! जीभ जळायची,” ते म्हणाले. “रेणू, इकडे ये, बस. तुझी आजी फार तिखट करायची. आणि डबा रिकामा परत पाठवलेला तिला चालायचा नाही. माझ्याजवळ काय असणार? मग मी वर्गातला खडूचा तुकडा ठेवायचो. सुट्टीत घरी गेलो तर पाहिलं, ते सगळे तुकडे तिनं जपून ठेवले होते आणि त्या खडूनं ती रोज उंबऱ्यावर लक्ष्मीची पावलं काढायची. तिला अक्षर येत नव्हतं. म्हणायची, ‘तुझ्या शाळेनं माझं दार लिवलं.’”

रेणू त्यांच्याजवळ जमिनीवर बसली होती. तिला ही आजी प्रथमच भेटत होती.

म्हातारा हळूहळू चालत तिथवर आला आणि तिच्याकडे वळून म्हणाला, “राग आला नं, पोरी? येऊ दे. डबा तू लय सुरेख केला. पण फोटोवरून केला, अन् फोटोत गाडी उभी असते. आमची गाडी जात होती, येत होती. जाताना मायचं काही घेऊन जात होती, येताना लेकाचं काही घेऊन येत होती. बाकडी, झडपा, रंग, सारं त्या येण्याजाण्यासाठी. तू छत चिकटवलं तिथं ते थांबलं, म्हणून मी उघडलं. आठवणीचं बी असंच हाय. जपायची म्हणून बंद केली, की ती पाहण्यापुरती उरते. अन् तू? तुले बी या मातीनं भरूनच पाठवलं होतं. तू परत आली, चांगलं झालं. पण मले वाटते, तू आम्हाले बाहेरून पाहून राह्यली.”

शेठजींनी घसा खाकरला.

“म्हणजे हा डबा माझ्या दुकानाला मिळणार नाही म्हणा.”

“मिळंन की,” म्हातारा म्हणाला. “उद्या पेढे भरून पाठवा. गाडी घेऊन येईन.”

सगळे हसले. म्हाताऱ्याने शिट्टी रेणूच्या हातात दिली. “परतीची गाडी हाय. पलीकडं जाऊन उभी राह्य.”

ती ओसरीपाशी जाऊन उभी राहिली. पेरूखाली वडील डब्यावर वाकून काही करीत होते. दुरून तिला ते एखाद्या शाळकरी मुलासारखे दिसले. तिने शिट्टी वाजवली, तशी म्हाताऱ्याने इंजिनाची कळ दाबली. गाडी विहिरीमागून वळली आणि तिच्या पायाशी येऊन थांबली. चिंधीची गाठ सैल बांधलेली होती. तिने छत उचलले. आत दसऱ्याचे सोने होते, आपट्याचे एक पान, आणि त्यावर पाटीजवळच्या खडूचा मोडलेला तुकडा.

“रेणू,” पलीकडून वडिलांनी हाक मारली, “त्या बसचं राहू दे आज.”

रेणूने ते छत पुन्हा कधी चिकटवले नाही. ते त्या हिरव्या चिंधीनेच बांधलेले असते. आपणही कुठून ना कुठून घरी परतत असतो. उंबऱ्याशी आल्यावर आपली गाठ घरच्यांना सोडता येईल इतकी सैल असावी.