हौसाबाईच्या घोंगड्या आणि राणीची पेढी

फार वर्षांमागे डोंगरांच्या कुशीत एक छोटंसं राज्य होतं. तिथल्या राणीच्या एकदा लक्षात आलं, की आपल्या कारागिरांच्या हातात कसब भरपूर आहे, पण कच्चा माल भरायला गाठीला पैसा नाही. तिने खजिन्यातून मोहरा काढल्या, बाजारपेठेत एक पेढी उघडली आणि विसोपंत नावाच्या मुनिमाला तिथे नेमलं.

"पंत, हा पैसा लहान धंदेवाल्यांसाठी आहे," राणी म्हणाली. "वाजवी व्याजाने द्या आणि राज्य हसतंखेळतं करा."

विसोपंत माणूस सरळ, पण भारी जपून वागणारा. त्याचं तोंड दुधाने कधी पोळलं नव्हतं, तरी तो ताक फुंकून प्यायचा. त्याने पहिल्याच दिवशी दारावर पाटी लावली: 'सोनं किंवा जमीन तारण ठेवल्याशिवाय कर्ज मिळणार नाही.'

कुंभार आला, पाटी वाचून परत गेला. जोडे शिवणारा आला, तोही गेला. कर्ज मिळालं ते गावातल्या तीन बड्या व्यापाऱ्यांना. त्यांनी ते वेळेवर फेडलं, पुन्हा घेतलं, पुन्हा फेडलं. एक दमडी बुडाली नाही. विसोपंत स्वतःवर खूश होता.

दसऱ्याच्या आधी एक दिवस हौसाबाई पेढीत आली. ती घोंगड्या विणायची. तिचा आवाज खणखणीत आणि चेहरा सदा हसरा.

"मुनीमजी, लोकर घ्यायला दहा मोहरा पाहिजेत," ती म्हणाली.

"तारण काय आहे?"

"एक माग आहे आणि हे दोन हात."

"हात गहाण ठेवता येत नाहीत, बाई."

"ठेवून घेतले, तर मी विणू कशाने?"

विसोपंताने पाटीकडे बोट दाखवलं. "नियम म्हणजे नियम. आणि आजवर तुमचं काही अडलंय का? लोकर मिळतेच ना?"

"मिळते की! लोकरीच्या व्यापाऱ्याकडून, उधारीवर, दुप्पट भावाने. आणि त्याला पैसा कुठून मिळतो? तुमच्या पेढीतून. म्हणजे राणीसाहेबांचा पैसा माझ्यापर्यंत येतोच, मुनीमजी. फक्त वाटेत व्यापाऱ्याच्या घरी मुक्काम करतो आणि खाऊनपिऊन चांगला जाडजूड होऊन येतो!"

पेढीतले लोक खो खो हसले. विसोपंत मात्र हसला नाही. त्या दुपारी त्याला जेवण गोड लागेना. पैसा सुखरूप परत येतो एवढंच आपण पाहिलं. तो जातो कुठे, हे कधी पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पेढीला कुलूप लावून तो हौसाबाईच्या आळीत गेला. ती मागावर बसली होती. शेजारी धाग्याला लावायची चिंचोक्यांची खळ शिजत होती. तेवढ्यात एक शेतकरीण आली. तिच्या घोंगडीचा काठ उसवला होता.

"कधी घेतली होती?" विसोपंताने विचारलं.

"सात वर्षं झाली," शेतकरीण म्हणाली. "काठ उसवला तर कधीही आण, फुकट शिवून देईन, असं बाईने तेव्हा म्हटलं होतं."

हौसाबाईने हातातलं काम थांबवून काठ शिवून दिला. विसोपंताने ती जुनी घोंगडी हातात घेतली, ओढून पाहिली, तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी घरंगळून गेलं. सात वर्षं वापरलेली घोंगडी अजून ढालीसारखी होती.

"दहाच मोहरा का?" त्याने विचारलं.

"धनगर मेंढ्या कातरतात, तेव्हा लोकर निम्म्या भावात मिळते. वर्षभराची तेव्हाच भरून ठेवायची, तर दहा लागतात. होळीला तुमचे पैसे परत."

विसोपंताने आयुष्यात पहिल्यांदा तारणाशिवाय कर्ज दिलं.

हौसाबाईने लोकर भरली, दिवाळीपासून झपाटून विणलं. घरात घोंगड्यांची थप्पी आढ्याला लागली. पण त्या वर्षी थंडी काही पडेचना! कार्तिक सरला, मार्गशीर्ष सरला, पौषातही लोक पातळ सदरे घालून फिरत होते. घोंगडीकडे कोणी ढुंकून बघेना.

संक्रांत झाली आणि हौसाबाई आपणहून पेढीत आली. लोकरीचा व्यापारी तिथेच बसला होता.

"मुनीमजी, होळीला अजून अवकाश आहे, पण आधीच सांगायला आले. माल विकला गेला नाही. असंच राहिलं तर पैसे देता येणार नाहीत."

"मला वाटलंच होतं!" व्यापारी म्हणाला. "पंत, आजच माग उचलून आणा. निदान काहीतरी हाती लागेल."

"माझं ऐका," हौसाबाई म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती. "इथे थंडी पडली नाही, पण वर घाटमाथ्यावर गडाच्या पहारेकऱ्यांना नि तांडेवाल्यांना बारमाही गारठा. माल तिकडे न्यायचा तर बैलगाडी लागेल. तिच्या भाड्यासाठी आणखी दोन मोहरा द्या."

"दहा बुडाल्या, त्यावर आणखी दोन!" व्यापाऱ्याने कपाळाला हात लावला.

विसोपंताने मनाशी हिशेब मांडला. माग उचलून आणला तर पेढीत चार लाकडं येतील. ती जळणाच्या भावाने जातील. घोंगड्या पडून राहतील, कसर लागेल आणि विणणारे हात रिकामे होतील. उलट ही बाई तोंड लपवत नव्हती. मुदतीआधी आली होती, अडचण घेऊन आली होती आणि वाटही शोधून आली होती.

त्याने मान वर केली. "घाट चढायला दोन बैल पुरतील की चार लागतील?"

"चार," हौसाबाई म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

"मग दोन मोहरा कमी पडतील. तीन घ्या."

पुढचे दिवस विसोपंताचा जीव टांगणीला लागला. रोज संध्याकाळी तो वेशीवर जाऊन उभा राही आणि विचारलं तर म्हणे, "पाय मोकळे करतोय." अकराव्या दिवशी घंटांचा आवाज आला. गाडी रिकामी होती आणि हौसाबाई गाडीवानाच्या शेजारी बसून मोठमोठ्याने गात होती.

"सगळा माल गेला, मुनीमजी! आणि गडकऱ्यांनी पुढच्या वर्षासाठी दीडशे घोंगड्या सांगितल्यात. एकटीने नाही व्हायच्या, आळीतल्या तिघींना जोडीला घेते!"

होळीच्या आधीच तिने व्याजासकट पैसे आणून ठेवले.

मग विसोपंत स्वतः राणीपुढे जाऊन उभा राहिला. "राणीसाहेब, मी पेढीचा नियम मोडला."

"नियम केला कोणी होता?"

"मीच."

"मग तुम्हीच मोडलात ते उत्तम झालं," राणी हसून म्हणाली. "मी विचारच करत होते, की माझ्या पेढीत कुंभार का दिसत नाही!"

पाटी उतरली. त्यानंतर विसोपंत सकाळी पेढीत बसायचा आणि दुपारी आळ्या-आळ्यांतून हिंडायचा. प्रत्येकाचं काम पाहायचा, गिऱ्हाइकांशी बोलायचा, मग कर्ज द्यायचा. दोन कर्जं बुडालीही. एकाचा धंदा बसला आणि एक पठ्ठ्या पैसे घेऊन पळून गेला. पण शंभरावर चुली त्या पेढीमुळे धडधडू लागल्या आणि त्यांच्या व्याजातून ती तूट केव्हाच भरून निघाली.

पुढच्या दसऱ्याला लोकरीचा व्यापारी हौसाबाईच्या दारात येऊन उभा राहिला. "बाई, यंदा लोकर माझ्याकडून घ्या ना. भाव तुम्ही म्हणाल तो!"

"बसा, आधी पाणी घ्या," हौसाबाई म्हणाली. "भावाचं मग बघू."

तात्पर्य: ज्याच्याकडे गहाण टाकायला काही नसतं, त्याच्याकडेही हुन्नर आणि शब्द असतो, पण तो पारखायचा, तर देणाऱ्याला त्याच्या दारापर्यंत चालत जावं लागतं.