कणगीचं तोंड

फार जुन्या काळची गोष्ट, बाळांनो. आणि मोठ्यांनीही कान द्यावा, कारण यातला पेच मोठ्यांचाच आहे.

डोंगराआडच्या एका गावात साऱ्या घरांचं बियाणं एकाच कणगीत ठेवत. कणगीचं तोंड शेणामातीनं लिंपायचं आणि राखणदारणीनं सर्वांदेखत शपथ घ्यायची, "पेरणीआधी हे उघडणार नाही. परक्यासाठी नाही, माझ्या स्वतःच्या वाट्यासाठीही नाही." त्या साली राखणदारीण होती धुरपामाय. एकटी, म्हातारी, पण शब्दाची पक्की.

आणि नेमका त्याच साली दुष्काळ पडला. लोक रानातले कंद उकडून दिवस ढकलत होते. एके सकाळी परगावची एक बाई धुरपामायच्या दारात येऊन कोसळली. कडेला तान्ही पोर. आईचं दूध आटलेलं आणि पोरीचं रडणंही थांबलेलं. एवढ्याशा जिवाला कंद कसे पचणार? हवी होती पेज, आणि गावात दाणा उरला होता तो फक्त कणगीत.

धुरपामाय पाटलाकडे धावली. पाटील म्हणाला, "माय, एका जिवापायी कणगी फोडलीस तर उद्या अख्खं गाव रांग लावील. मग पेरायचं काय? पुढल्या साली शंभर पोरं मरतील."

देवळातले शास्त्रीबुवा म्हणाले, "किती मरतील नि किती जगतील, ते राहू द्या. शपथ ती शपथ. अडचणीत मोडायची, तर घेतलीत कशाला?"

वाटेत आंधळी सुईण भेटली. ती म्हणाली, "अगं, तू आजवर कसलं माणूस म्हणून जगलीस? तसं माणूस आज काय करील, तेवढं बघ."

अरे देवा, तिघांचंही खरं आहे की! धुरपामायला रडू फुटलं. पण रडत बसायला पोरीकडे वेळ नव्हता.

तिनं सारं गाव गोळा केलं आणि सगळ्यांसमोर लिंपण फोडलं. आपल्या वाट्याची पायलीभर ज्वारी काढली आणि तोंड पुन्हा लिंपून टाकलं. "दुसऱ्याच्या दाण्याला मी शिवले नाही," ती म्हणाली. "पण शपथ मोडली, ती मोडलीच. आजपासून मी राखणदारीण नाही. माझं बियाणं संपलं, तेव्हा माझं शेत यंदा पडीक राहील."

रांग लागली नाही. आपलं शेत पडीक ठेवायला कोण तयार होतं?

पोर वाचली. पाऊस आला, गावानं पेरलं. धुरपामाय मात्र दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाऊ लागली. कुणी पाया पडे, कुणी चोरटी म्हणे. ती दोन्ही ऐकून घेई.

एक दिवस ते तिघं बांधावर आले. "खरं सांग, आमच्यातलं कुणाचं ऐकलंस?"

"तिघांचंही," ती म्हणाली. "एकाचंच ऐकलं असतं, तर सुखानं झोपले असते."

"मग राखण पुन्हा घे," पाटील म्हणाला.

तिनं नाही म्हणून मान हलवली आणि खुरपं उचललं.

तात्पर्य: भलं कशात आहे ते मोजावं, दिलेला शब्दही तोलावा, पण जे करू त्याची किंमत दुसऱ्याच्या माथी मारू नये.