साळिंदराचे मागचे दार

डोंगराच्या उतारावर, जिथली माती तांबडी आणि भुसभुशीत होती, अशा एका जंगलात एक म्हातारा साळिंदर एकटाच राहत असे. मुलांनो, म्हातारा म्हणजे अगदीच हातपाय गळालेला नव्हे. त्याच्या पाठीवरचे काटे टोकाला पिवळे पडले होते, दात झिजले होते, पण बोलणे अजून पहिल्यासारखेच कडक होते. तो पाण्यावर निघाला की वाटेतली पोरेसोरे आपोआप बाजूला होत. सगळे त्याला साळिंदरबाबा म्हणत.

हा मान त्याला उगाच मिळाला नव्हता. प्रत्येक बिळाला दोन दारे हवीत, एक पुढचे आणि एक मागचे, हा त्या उतारावरचा नियम त्यानेच घालून दिला होता. माती अशी की कधी ढासळेल सांगता येत नाही. एक दार बुजले तर दुसऱ्या दाराने जीव वाचवता आला पाहिजे. म्हणून दरवर्षी पळसाचा बहर सरला की ज्याने त्याने आपले मागचे दार उकरून मोकळे करायचे, दाराशी करवंदीची हिरवी डहाळी ठेवायची आणि संध्याकाळी पाणवठ्यावरच्या खडकावर चढून सर्वांसमोर सांगायचे, "माझी दोन्ही दारं मोकळी." तरुणपणी साळिंदर स्वतः घरोघरी फिरून दारे तपासत असे. एका वर्षी एका घुशीचे मागचे दार बुजलेले निघाले. तेव्हा त्याने तिला खडकावर उभे करून आळशी, निष्काळजी, स्वतःच्या पिल्लांच्या जिवावर उठलेली, असे नाही नाही ते ऐकवले होते. सगळे हसले होते, आणि खरे सांगायचे तर त्यालाही तेव्हा मोठे बरे वाटले होते.

आता यंदाचे ऐका. पळस फुलून गेला आणि साळिंदर मागचे दार उकरायला गेला, तर तिथे पावसाने वाहून आलेली माती घट्ट बसली होती आणि तिच्यातून एक जाडजूड मूळ आडवे आले होते. पूर्वी असले मूळ त्याने उभ्या उभ्या कुरतडून टाकले असते. आता दात लागेनात. पंजे चार वेळा मारले की सांधे ठणकू लागत आणि दम लागून त्याला खाली बसावे लागे. तीन दिवस तो खपला आणि तीन दिवसांत जेमतेम वीतभर माती निघाली.

तिसऱ्या दिवशी शेजारची तरुण घोरपड तिथून चालली होती. तिची नखे म्हणजे उकरण्यासाठीच केलेली. साळिंदराला धापा टाकताना पाहून ती थांबली आणि तिने हळूच विचारले, की मी जरा हात लावू का, दुपारपर्यंत मोकळे होऊन जाईल. एवढ्यावर साळिंदराने काटे फुलवले. ज्याने साऱ्या उताराला दारे उकरायला शिकवले, त्याचे दार तू उकरणार का, असे तो गुरगुरला. माझे काम झाले आहे, मी नुसता बसलोय, असेही वर सांगून मोकळा झाला. घोरपड बिचारी मान खाली घालून गेली.

ती दिसेनाशी झाली तसे त्याने बुजलेल्या दारावर सुका पालापाचोळा ओढला आणि त्यावर करवंदीची ताजी डहाळी नीट ठेवली. ठेवताना त्याने दोनदा मागे वळून पाहिले. आयुष्यात त्याने अशी चोरून इकडेतिकडे नजर कधी टाकली नव्हती. संध्याकाळी तो खडकावर चढला आणि ठणठणीत आवाजात म्हणाला, "माझी दोन्ही दारं मोकळी." कुणी तपासायला जाणार नव्हते. साळिंदरबाबांच्या डहाळीखाली डोकावण्याची कुणाची छाती होती? त्या रात्री मात्र त्याच्या घशाखाली कंद उतरला नाही.

पुढे पंधरा दिवस काहीच झाले नाही, आणि लबाडी पचली असे त्याला वाटू लागले. मग एका सकाळी गव्यांचा मोठा कळप वरच्या रानातून पाण्यासाठी खाली उतरला. गवे ते, वजनाने केवढे! त्यांच्या खुरांखाली उतार हादरला आणि साळिंदराच्या बिळाचे पुढचे तोंड धाडकन खचले. तो आत झोपला होता. जागा झाला तेव्हा सगळीकडे मिट्ट काळोख आणि नाकात माती. त्याने पुढच्या दाराला पंजा लावला, तर वरून आणखी माती कोसळली. तो धडपडत मागच्या दाराशी आला आणि त्या मुळापाशी येऊन थांबला. पुढे जायला वाट नव्हती.

थोड्या वेळाने वर पावले वाजली. सगळे शेजारी धावून आले होते. मागच्या दारातली माती फार जाड नव्हती, त्यामुळे त्याला बाहेरचे बोलणे ऐकू येत होते. कुणी म्हणाले, पुढून उकरायला घेऊ. त्यावर घोरपड म्हणाली, की घाई करायला नको, बाबांचे मागचे दार मोकळे आहे, ते केव्हाच बाहेर पडून पलीकडच्या रानात गेले असतील. तिने स्वतःच्या कानांनी त्यांना तसे सांगताना ऐकले होते. मग घुशीचा दबका आवाज आला. दारावरचा पाला हललेला दिसत नाही, असे काहीतरी ती म्हणत होती. लगेच दुसऱ्या कुणीतरी तिला दटावले, "तू बाबांच्या दारावर शंका घेतेस? तू?" घूस मागे सरली.

मुलांनो, साळिंदराने हे सगळे ऐकले. एक हाक मारली असती तरी पुरे होते. पण हाक मारायची म्हणजे काय सांगायचे? डहाळी खोटी होती, हे. खडकावरचा तो ठणठणीत आवाज खोटा होता, हे. ज्या घुशीला आपण सर्वांसमोर हिणवले, तिच्यापुढेच हे सांगायचे. त्याचे तोंड उघडेना. आतली हवा कोंदट झाली होती, जीभ टाळ्याला चिकटली होती, तरी तो गप्पच होता. मरण पत्करेन पण ही लाज नको, असे त्याला खरोखर वाटून गेले. वर पावले वळू लागली. एकेक पाऊल दूर जाताना त्याला ऐकू येत होते.

अखेरीस तो बोलला. पण आवाज इतका बारीक निघाला, की कुणाला ऐकूच गेला नाही. एवढी लाज गिळून काढलेले शब्द त्याला पुन्हा एकदा, आणि या वेळी मोठ्याने, काढावे लागले.

"थांबा. मी आत आहे. मागचं दार बंदच आहे. मला उकरता आलं नाही, आणि मी खोटं सांगितलं."

वर पावले धावत परत आली. मग नखांचा आवाज सुरू झाला. घोरपडीने माती उपसली आणि मुळापाशी घूस पुढे झाली. तिचे दात त्या मुळावर कितीतरी वेळ करकरत होते. ऊन डोक्यावर आले तेव्हा कुठे उजेडाची एक फट दिसली आणि साळिंदराला बाहेर ओढून काढण्यात आले. त्याचे कितीतरी काटे मोडले होते. कुणीतरी पळसाच्या पानात पाणी आणले. कुणी रागावले नाही, कुणी हसले नाही, आणि त्यामुळेच त्याला मान वर करवेना. त्याच्यापुढे घूस बसली होती. तिच्या ओठातून रक्त येत होते.

"त्या वर्षी तू का नाही सांगितलंस, की तुझं काय अडलं होतं?" त्याने खाली बघतच विचारले.

"माझ्या पंजात बाभळीचा काटा मोडला होता, बाबा," घूस म्हणाली. "मी सांगणारच होते. पण तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही एकदम बोलायलाच लागलात, आणि मग सगळे हसले. तेव्हापासून या उतारावर आपली अडचण कुणी सांगत नाही."

ती हे रागाने बोलली नव्हती. रागाने बोलली असती तर त्याला सोसले असते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कुणी बोलावले नसताना, तो पुन्हा त्या खडकावर चढला. चढताना घोरपडीने आधार द्यायला खांदा पुढे केला आणि त्याने तो घेतला. तो म्हणाला, "माझे पंजे थकलेत आणि दात गेलेत. एकट्यानं मला दार राखता येत नाही. हे मी पंधरा दिवसांपूर्वीच सांगायला हवं होतं." मग पुढे म्हणाला, "आणि घुशीला मी जे बोललो, ते फार वाईट बोललो."

मग मागच्या बाजूने एक म्हातारा ससा चाचरत म्हणाला, की माझेही दार यंदा बंदच आहे, कंबर वाकत नाही. त्याच्यामागून एका मुंगसाने आपल्या जोडीदारणीकडे पाहत सांगितले, की हिला संध्याकाळचे दिसत नाही, म्हणून आमचे दार उकरायचे राहिले, हे आम्ही दोघे लपवून ठेवले होते. मग आणखी तिघे, एकामागून एक. तसे पाच जण निघाले. साळिंदर ऐकत राहिला. नियम आपण घातला तो जीव वाचावेत म्हणून, आणि आपल्याच जिभेच्या धाकाने ही पाच घरे कधीही गाडली गेली असती, हे त्याला उमगले. शरमेने त्याने डोळे मिटून घेतले.

सकाळ होताच घोरपड आणि घूस त्या पाच घरांकडे निघाल्या. साळिंदरही काठीला टेकावे तसा घोरपडीच्या पाठीला टेकत त्यांच्यासोबत गेला. उकरणे त्याला जमणार नव्हते. पहिल्या दाराशी म्हातारा ससा अंग चोरून उभा होता. साळिंदर त्याच्याजवळ खाली बसला आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "काय काय जमत नाही, ते सगळं सांग. मी ऐकतोय."

तात्पर्य : वयाने हातपाय थकले तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, ते लपवून घर आणि जीव धोक्यात घालणे मात्र चूक. आपली अडचण वेळेवर सांगावी, आणि दुसरा सांगत असेल तेव्हा त्याला हसू नये.