विवरणपत्राला कुलूप

एकदा एक परिचारिका पगारातून कापलेल्या कराचा दाखला, म्हणजे फॉर्म सोळा, घेऊन तालुक्याच्या गावातील एका वृद्ध करसल्लागाराकडे आली. हेमलता तिचे नाव. गृहकर्जासाठी बँकेला महिनाअखेरपर्यंत तिचे आयकर विवरणपत्र हवे होते. ते न मिळाल्यास नोंदवलेले दोन खोल्यांचे घर हातचे जाणार होते.

वृद्धाला सारे नाना म्हणत. त्यांचा शिष्य हुशार, पण भारी उतावळा. दाखला पाहताच तो थबकला. नाव हेमलताचे, पॅन क्रमांक मात्र भलत्याचाच! वर्षभर कापला गेलेला कर तिच्या नावावर दिसतच नव्हता.

"त्यात काय, आपण आपल्या बाजूनं आकडे बरोबर भरू. पाच मिनिटांचं काम!" असे म्हणत त्याने विवरणपत्र तयारही केले.

नाना उठले. त्यांनी लॅपटॉप मिटला, कपाटात ठेवला, कुलूप लावले आणि किल्ली हेमलताच्या हातावर ठेवली. "ताई, दाखला दुरुस्त होऊन आला, की मगच उघडा."

अशिलासमोर झालेला हा पाणउतारा शिष्याला झोंबला. पण घर जाईल या विचाराने हेमलताचे डोळे भरून आलेले त्याने पाहिले आणि तो तडक रुग्णालयाच्या लेखा विभागात गेला.

"अहो, तुम्ही तिकडं बरोबर भरा की!" तिथला लेखनिक म्हणाला. "मला कर-कपातीचं अख्खं पत्रक सुधारून आयकर खात्याला पाठवावं लागेल."

शिष्य दुसऱ्या दिवशी गेला, तिसऱ्या दिवशीही गेला. लेखनिक चहा पाजून त्याला वाटेला लावू पाही. हा पठ्ठ्या चहा पिऊन तिथेच ठाण मांडून बसे. चौथ्या दिवशी लेखनिकाने वैतागून यादी उघडली आणि त्याचा चेहराच उतरला. नोकरी सोडून गेलेल्या एका बाईंचे नाव काढताना त्यांचा पॅन क्रमांक तसाच राहिला होता. त्यामुळे खालच्या प्रत्येक नावापुढे वरच्या माणसाचा क्रमांक आला होता. हेमलतासकट सतरा जणांचा कर दुसऱ्यांच्याच नावे जमा झाला होता.

सुधारित पत्रक गेले, नवे दाखले आले. महिनाअखेरीला तीन दिवस उरले असताना हेमलताचे विवरणपत्र दाखल झाले.

"नाना, ही सतरा माणसं तुम्हाला ठाऊक होती?" शिष्याने विचारले.

"मला कुठून ठाऊक असणार? एवढंच माहीत होतं, की कागद ज्यानं लिहिला त्यालाच तो सुधारता येतो. तू आपल्या कागदावर खरं लिहिलं असतंस, तरी त्यांच्या कागदावरचं खोटं तसंच राहिलं असतं. मग सरकारनं कोणाचं मानायचं? आणि नोटीस कोणाला आली असती? तुला नव्हे, तिला. खाली सही तिची असते, बाबा."



दुसऱ्या दिवशी त्याच रुग्णालयातील, निवृत्तीला आलेले एक तंत्रज्ञ नवा दाखला घेऊन आले. "पहिला मी वाचलाच नव्हता," ते ओशाळून म्हणाले. "ऑफिसनं दिलेला कागद चुकीचा कसा असेल, असं वाटलं. हा तरी माझाच आहे ना?"

शिष्याने त्यांचे पॅन कार्ड मागून घेतले, दाखल्याशेजारी ठेवले आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत म्हणाला, "काका, तुम्ही वाचा. मी ऐकतो."